माजघरातला मेन स्विच

केदारदादा हैदराबादहून परत आला तेव्हा त्याच्यासोबत एक सुटकेस, एक कॉम्प्युटर आणि अंगात मावणार नाही एवढं शहाणपण होतं. साल दोन हजार एक. तिकडच्या कंपनीनं निम्मी माणसं घरी पाठवली होती, पण दादा ते कबूल करायला तयार नव्हता.

"मधीच कावून आलास?" आप्पांनी विचारलं.

"सुट्टी हाय."

होळी येऊन गेली तरी ती सुट्टी काही संपेना. मग आप्पांना कळायचं ते कळलं. आप्पा म्हणजे आमचे वडील, मल्लिनाथ. नांदूरघाटच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आणि दुकानामागं आमचं घर. पोरगा रिकामा बसून कुजायला नको म्हणून त्यांनी दुकानाशेजारची गाठोड्यांची खोली मोकळी केली, औरंगाबादहून वापरलेले तीन कॉम्प्युटर आणवले आणि कॉम्प्युटर क्लास काढायचं ठरवलं. मुहूर्त अक्षय्य तृतीयेचा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शिवाय बसवेश्वर जयंतीही त्याच दिवशी, त्यामुळे आमच्यासारख्या लिंगायत घराला दुसरा दिवस सुचणंच शक्य नव्हतं. त्या वर्षी अक्षय्य तृतीया आली सव्वीस एप्रिलला.

शिकवायला उज्ज्वला मिळाली. बंकटमामा धनगरांची मुलगी, माझ्याहून थोडी मोठी. बीडला वसतिगृहात राहून तिनं बी.ए. केलं होतं, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता आणि तिथल्याच एका क्लासमध्ये शिकवलंही होतं. तो क्लास बंद पडला आणि ती गावी आली. आमचा क्लास चालला तर ती मास्तरीण, नाही चालला तर पुन्हा मेंढरांमागं, असा तिचा सरळ हिशोब होता. बंकटमामांनी तो तिला स्पष्ट सांगून टाकला होता. त्यामुळे क्लास दादाच्या नावाचा असला तरी जीव टांगणीला होता तो तिचा.

आता घरातलं एक सांगायलाच हवं. क्लासच्या खोलीला आतल्या अंगानं एक दार होतं, ते माजघरात उघडायचं. माजघरात देवघर, त्याला लागून स्वयंपाकघर. त्या दाराचा उंबरा आमच्यातले लोक सोडून कुणी ओलांडत नसे. उज्ज्वलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, ज्याला अडवायचं त्याला त्या जन्मापासून ठाऊक असतात. तिचा चहाचा पेला क्लासच्या खिडकीत पालथा घातलेला असायचा. मी एकदा आईशी भांडले. आई, म्हणजे नीलाबाई, भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या आजीपासनं हाय ते. मी घातलंय का?"

पण विजेला कुठं आमची रीत माहीत! मीटर आणि मेन स्विच होता माजघरात, देवघराच्या बाजूच्या भिंतीवर. चार कॉम्प्युटर आणि पंखा एकदम चालू झाले की क्लासमधला फ्यूज उडायचा. तार बदलायची तर आधी मेन बंद करावा लागे. मग उज्ज्वला उंबऱ्याशी येऊन उभी राहायची, पायाची बोटं लाकडाला न लावता, आणि हाक मारायची, "काकू, मेन बंद करा." आई हातातलं काम टाकून उठायची, पुटपुटायची, मेन बंद करायची. तार बदलून झाली की पुन्हा हाक, "काकू, चालू करा." मला हसूही यायचं आणि संतापही. बीडच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवून आलेली मुलगी, आणि एक दांडा खाली ओढायला तिला घरची मालकीण बोलवावी लागत होती.

मुहूर्ताआधीचे ते दिवस मजेचे होते. दादाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, बाकी तिन्हींवर विंडोज अठ्ठ्याण्णव. दादाला वाटत होतं सगळ्यांवर लिनक्सच घालावं. उज्ज्वला म्हणायची, बीडमध्ये नोकरी मागायला गेलं तर लोक विंडोज येतं का विचारतात, मग पोरांना आपण काय शिकवायचं?

"अगं पण सुरक्षित कुठलंय ते बघ की," दादा म्हणाला आणि त्यानं एक विंडोजचं मशीन सुरू केलं. पासवर्ड विचारणारी चौकट आली. त्यानं पासवर्ड न टाकता कॅन्सल दाबलं. मशीन गुमान सुरू झालं. "हे बघ! दारात राखणदार बसवला. त्यानं विचारलं, कोण तुमी? आपण म्हणायचं, न्हाई सांगत जा. मग राखणदार म्हणतो, बरं, या आत!"

मी पोट धरून हसले. उज्ज्वलाही हसली.

मग दादानं आपलं लिनक्स दाखवलं आणि माझ्याकडं बोट केलं. "इथं प्रत्येकाची खोली येगळी. या अपेक्षाच्या नावानं कुणी शिरलं तर अपेक्षाच्या खोलीत काय धिंगाणा घालायचा तो घालंल. पण घराच्या भिंतीला हात लावायचा तर रूट पायजे. रूट म्हणजे घरमालक. सगळ्या किल्ल्या त्याच्याकडं. व्हायरस आला तरी त्याच्या हातात किल्ल्या न्हाईत, काय करील तो?"

उज्ज्वला वाकून त्याच्या स्क्रीनकडं बघत होती. "आन् तुमी कोण म्हणून बसता दिवसभर?"

स्क्रीनवर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेलं होतं, रूट.

"सोपं पडतं," तो म्हणाला. "सारखा पासवर्ड टाकत कोण बसंल?"

"मग मालकच सगळ्या किल्ल्या हातात घेऊन चावडीवर बसलाय की. असल्या कुलपाचा काय उपेग?" ती म्हणाली. "आन् दुसरं, तुमच्या लिनक्सला व्हायरस होत न्हाईत असं न्हाई. वापरणारेच मूठभर हायेत. पाकीटमार जत्रेत जातो, मोकळ्या माळावर कशाला जाईल?"

"तेही खरंय," दादा म्हणाला. तेवढा मोठेपणा त्याच्यात होता. "पण माळावर कुलूपही हाय, हे तर मान."

"मानते. चांगलंय तुमचं लिनक्स. जास्त पक्कं हाय." मग ती त्या दुसऱ्या मशीनकडं वळली, ज्याचा राखणदार कुणालाही आत घेत होता. "तरी मला हेच आवडतं. कोण, कुठली, कुणाची, असं विचारत बसत न्हाई."

"म्हणून तर ते धोक्याचं हाय."

"धोक्याचं हाय, केदारदादा. पण बरं वाटतं."

हे बोलताना ती हसत होती. माझं हसू मात्र गेलं, कारण तिच्या मागंच ते दार होतं आणि दाराआड आई दळण चाळत होती.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी उज्ज्वला जरा अस्वस्थ दिसली. दादानं तिन्ही विंडोजवर मित्राकडून आणलेल्या सीडीतले गेम घातले होते, पोरं गेमच्या आशेनं येतील म्हणून. ती म्हणाली, "ही मशीन उद्या सुरू करू नका. न्हाई तर तारीख तरी बदलून ठेवू."

मग तिनं बीडची हकीकत सांगितली. दोन वर्षांपूर्वी ती ज्या क्लासमध्ये शिकत होती तिथं सव्वीस एप्रिलला सकाळी मशीन सुरू केली आणि एकामागून एक काळी पडली, पुन्हा उठलीच नाहीत. एक व्हायरस होता, वर्षभर निपचित पडून राहणारा. विंडोज पंच्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव एवढ्यांवरच चालणारा. मशीनमधलं घड्याळ सव्वीस एप्रिल दाखवायला लागलं की तो जागा व्हायचा, डिस्क पुसायचा आणि जमलं तर मशीन ज्या चिपच्या जोरावर उठतं तीसुद्धा मारायचा. फुकटच्या सीड्यांतून तो गावोगाव पसरला होता.

"मी स्कॅन केलंय," दादा म्हणाला. "काही सापडलं न्हाई."

"स्कॅन करायची फ्लॉपी कधीची हाय?"

फ्लॉपी होती सत्त्याण्णवची. ज्या चोराचं तोंड कधी बघितलंच नाही त्याला ती बिचारी ओळखणार कशी? पण दादाला आता हार मानायची नव्हती. "बदल तुला तारीख बदलायची तर," तो म्हणाला. उज्ज्वलानं तिन्ही मशीनची तारीख मागं नेली, एकोणीस एप्रिल करून ठेवली. "उद्याचा दिवस ढळला की पुन्हा नीट करू," ती म्हणाली. मुहूर्त पुढं ढकला असं आप्पांना सांगायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती, आणि आता त्याची गरजही उरली नव्हती.

अक्षय्य तृतीयेला सकाळीच पेठेतले व्यापारी जमले. क्लासच्या भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. पूजेला आलेल्या स्वामींनी चारही मॉनिटरवर विभूतीची तीन बोटं ओढली, आईनं कुंकवानं श्री काढला. टेबलं भिंतीला चिकटवून लावलेली, प्लगचे बोर्ड त्यांच्या मागं, आणि पुढं माणसांची ही गर्दी. उज्ज्वला बाहेरच्या दाराशी क्लासला येणाऱ्या पोरींना घेऊन उभी होती.

आमच्या दुकानात एक रीत आहे. नवं काही सुरू केलं की त्यावर पहिली अक्षरं पडतात ती श्री आणि त्या दिवसाची तारीख. श्री झाला होता. आप्पा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "केदार, आता तारीख लिव्ह यावर."

दादाला फुशारकी मारायची संधी मिळाली. "आपण न्हाई लिहायची आप्पा. मशीन स्वतः लिहितं. बघा." त्यानं लिहायचा कोरा कागद उघडला आणि एक कळ दाबली. स्क्रीनवर तारीख उमटली. वीस एप्रिल.

सगळे पुढं झुकून बघत होते. कुणीतरी खाकरलं. आप्पांचा चेहरा उतरला. "आज आखिती, आन् मशीन पयल्याच अक्षराला खोटं बोलतंय?"

"ते काय झालंय आप्पा..."

"दुरुस्त कर. तिन्हीवर. आत्ताच्या आत्ता."

दादाला एक वाक्य बोलता आलं असतं. पण समोर अख्खी पेठ उभी होती, आणि हैदराबादहून परत आलेल्या पोराला बापापुढं आपलं मशीन चुकीचं आहे हे सांगायचं नव्हतं. शिवाय मनातून त्याला वाटत होतं, व्हायरस नाहीच. त्यानं भराभर तिन्ही मशीनच्या तारखा सव्वीस केल्या. उज्ज्वला दारातून ओरडली, "केदारदादा, नका!" पण नेमकी आरती सुरू झाली होती. घंटा, टाळ, आप्पांचा खणखणीत आवाज. तिचं ओरडणं मला ऐकू आलं, कारण मी तिच्याकडंच बघत होते.

दादानं पहिल्या मशीनवर पुन्हा तो कागद उघडला. तारीख बरोबर उमटली, आप्पांनी मान डोलावली. आणि मग बाण हलेना. दादानं माऊस इकडं ओढला, तिकडं ओढला, मशीन बंद करून चालू केलं. काळा पडदा. विभूतीच्या तीन रेघांमागं नुसता काळोख. दादा ओशाळून हसला, "हँग झालं," असं म्हणाला आणि दुसऱ्या मशीनच्या माऊसकडं हात नेला.

उज्ज्वला गर्दीतून आत घुसली. टेबलापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, प्लग तर त्याच्याही मागं. ती वळली. मला वाटलं, ती नेहमीसारखी उंबऱ्याशी थांबेल आणि आईला हाक मारेल. आई तर आरतीचं ताट घेऊन गर्दीत होती. उज्ज्वला थांबली नाही. चपलांसकट उंबरा ओलांडून ती माजघरात गेली, देवघरासमोरून, आणि तिनं मेनचा दांडा खाली ओढला.

पंखा थांबला. तिन्ही पडदे विझले. आरती अर्ध्यात तुटली. फक्त निरांजन तेवढं जळत होतं. सगळ्यांनी माना वळवल्या तेव्हा माजघरात, स्विचखाली, छाती वरखाली होत असलेली उज्ज्वला उभी होती, आणि आई तिच्या पायातल्या चपलांकडं बघत होती.

"उरलेली चालू करू नका," उज्ज्वला म्हणाली. "आज तरी नका." एवढं बोलून ती आली तशी बाहेर पडली आणि पेठेतून निघून गेली.

अपशकुन, असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, पण पन्हं कुणाला गोड लागलं नसावं. लोक गेले. आईनं पदर खोचला आणि माजघर पुसून काढलं. एकदा पुसलं, परत पुसलं. मी दारात उभी राहून ते बघत होते आणि माझा संताप होत होता. शेजारच्या खोलीत बसवेश्वरांच्या गळ्यात सकाळचा हार होता. आठशे वर्षांपूर्वी जातिभेदाविरुद्ध ते काय सांगून गेले हे आम्हाला दरवर्षी भाषणातून ऐकवलं जायचं, आम्ही टाळ्याही वाजवायचो. आणि त्यांच्याच जयंतीला आई आमच्या घराचा उंबरा ओल्या फडक्यानं घासत होती.

दुसऱ्या दिवशी दादा पहिल्या एस.टी.नं बीडला गेला आणि नवी फ्लॉपी घेऊन आला. तारीख उलटून गेली होती. उरलेली दोन मशीन त्यानं एकेक करून तपासली. दोन्हींत तो किडा निघाला, त्याच गेमच्या सीडीतून आलेला. पहिलं मशीन तर मेलंच होतं. औरंगाबादच्या माणसानं फोनवर सांगितलं, आतला बोर्डच बदलावा लागेल.

दादा आप्पांसमोर जाऊन बसला. मी त्याला इतका छोटा झालेला कधी बघितला नव्हता. "आप्पा, तिनं आदल्या दिवशी सांगितलतं. तारीखही तिनंच बदललती, वाचवायला. मी तुमच्यापुढं बोललो न्हाई." मग तो स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाला, "आई, ती चपला काढायला थांबली असती तर दुसरंही गेलं असतं."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

उज्ज्वला आली नाही. दोन दिवस पोरी येऊन परत गेल्या. तिसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर आईनं डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल. बंकटची मेंढरं कुठं बसलीत, माहीत हाय का?"

घाटाखालच्या एका मोकळ्या रानात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसला होता. ना भिंत, ना दार, ना कुलूप. पण आम्ही बांधापाशी पोचलो आणि तीन कुत्री अशी अंगावर आली की आई माझ्यामागं लपली. हल्ली कुणी मला सुरक्षा म्हणजे काय विचारलं की मला ती कुत्री आठवतात. आई तिथं गावच्या शेठाणीसारखी नाही, कुणी परकी बाई उभी असते तशी उभी होती, कुणीतरी आपल्याला ओळखावं याची वाट बघत.

उज्ज्वलाची आई, साखराबाई, धावत आली. तिनं कुत्र्यांना हाकललं, घोंगडी अंथरली. आम्ही बसलो. साखराबाई मात्र उभीच राहिली, हात पदराला पुसत. शेवटी म्हणाली, "च्या ठेवावं वाटतंय. पर तुमी आमच्यातलं घेता का न्हाई, मला ठाव न्हाई."

आईनं जमिनीकडं बघितलं.

"ठेवा," आई म्हणाली. "साखर कमी घाला."

चहा मेंढीच्या दुधाचा होता, दाट. आईनं तो सगळा प्याला. मग उज्ज्वलाकडं बघून म्हणाली, "पोरी वाट बघायल्यात."

"येते काकू," उज्ज्वला म्हणाली. "पण त्या दिवशी आत आले त्याची मी माफी मागणार न्हाई. परत तसं झालं तर परत तसंच करीन."

"कर," आई म्हणाली आणि उठली. एरवी येताना वाटेत मी तिला चिडवलं असतं, त्या दिवशी नाही चिडवलं.

क्लास सुरू झाला. दोन विंडोज आणि एक लिनक्स, असा तीन मशीनचा. दादानं गेमची सीडी मोडून टाकली, आणि बाहेरून आलेली प्रत्येक फ्लॉपी आधी तपासल्याशिवाय आत घालायची नाही असा नियम केला. लिनक्सच्या मशीनवर त्यानं सगळ्यांच्या खोल्या वेगळ्या केल्या आणि स्वतःही साध्या खोलीत बसायला लागला. रूटचा पासवर्ड त्यानं बदलायला लावला उज्ज्वलाला, आणि ती टाईप करत असताना तोंड फिरवून उभा राहिला. कुठलं मशीन जास्त सुरक्षित, असं पोरी विचारायच्या तेव्हा उज्ज्वला सांगायची, "लिनक्स. पण किल्ली कुणाच्या हातात हाय ते आधी बघा." पेला मात्र खिडकीतच राहिला, पुढंही बरेच महिने. सगळं एका झटक्यात बदलतं असं मी म्हणणार नाही.

जूनमध्ये एका दुपारी पुन्हा फ्यूज उडाला. मी स्वयंपाकघरात आईजवळ बसले होते. क्लासमधून पोरींचा गलका ऐकू आला, मग उज्ज्वलाची पावलं. ती उंबऱ्याशी येऊन थांबली. जुनी सवय, पायाची बोटं लाकडाला न लावता.

"काकू, मेन बंद करा."

आईनं मान वर केली नाही. "माझे हात पिठात हायेत ग," ती आतूनच म्हणाली. "तूच कर की. कुठं हाय ते तुला माहीत हाय."

बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. उज्ज्वला उंबरा ओलांडून आत आली, देवघरासमोरून हळूच गेली, आणि खट्ट करून दांडा खाली पडला.

मी आईकडं बघितलं. परात अजून फळीवरच होती. आईचे दोन्ही हात मांडीवर होते, कोरडे.